अकरा पावलांची खोली

११ मार्च
पोचलो एकदाचा. खोली पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, उजेड भरपूर. घरमालकीण निवृत्त नर्स आहेत, तळमजल्यावर एकट्या राहतात. सगळे त्यांना नर्सबाई म्हणतात, मीही तेच सुरू केलं. आल्या आल्या त्यांनी आधी माझे हात धुवून घेतले, मग चहा दिला. ताईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ठोंब्या, तुला असंच कुणीतरी पाहिजे होतं. तिच्या तावडीतून सुटलो म्हणून मी खूश, तर इथे दुसरी ताई हजर. सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम. घरासमोरच न्हाव्याचं दुकान आहे, दाढीचीही सोय झाली.

१७ मार्च
दुकानात एकच दिवस गेलो. साथीमुळे सगळं बंद. मालक म्हणाले, कळवतो. नर्सबाईंनी बजावलं की घरात बसायचं म्हणजे लोळायचं नाही. संध्याकाळी चक्क वेळापत्रक लिहून आणलं. सहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग चालणं. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं होतात, रोज दोनशे फेऱ्या. दुपारी झोप बंद. दिवसातून एकाशी तरी फोनवर बोलायचं. आणि रोजनिशी लिहायची, त्याने मन हलकं होतं. ती मी लिहितोच, म्हटल्यावर पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली.

२९ मार्च
झकास चाललंय. जोर पंचवीसवर गेले, पोट आत गेलं. जेवण त्या दाराबाहेर स्टुलावर ठेवतात, दोन वेळा ताप बघतात. आज नवऱ्याचं सांगितलं. पूर्वीच्या एका साथीत गेले. तेव्हा बाईंची त्याच वॉर्डात ड्यूटी होती. आजार आपल्याच कपड्यांवरून घरात आला असं त्यांना वाटतं. ताटावरच्या फडक्याची घडी घालत सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मी ताट छान आहे म्हणालो.

१४ एप्रिल
झोप नाही. दिवसभर फोनवर बातम्या आणि आकडे बघत बसतो, छातीत धडधडतं. दुकानात पहिल्या दिवशी ज्यांनी मला मशीन दाखवलं ते म्हातारे कारागीर गेले. त्यांचं आडनावही विचारायचं राहिलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, बातम्या म्हणजे विष. फोन खाली माझ्याकडे ठेव, ताईचे निरोप मी आणून देईन. वाद घालायचं त्राण नव्हतं. दिला. झोपेची अर्धी गोळीही दिली त्यांनी.

६ मे
झोप उत्तम. ताईचा निरोप रोज येतो, ती बरी आहे, काळजी घे, बाहेर पडू नकोस. ताई जन्मात कधी काळजी घे म्हणाली नाही, ती सरळ शिव्या घालते. पण साथीत माणसं बदलतही असतील. आता पूर्ण गोळी.

जून संपत आला असावा
लिहायचं राहून जातं. फेऱ्या पाचशे झाल्या. नर्सबाई खालून मोजतात. काल सात कमी पडल्या तर जेवण संध्याकाळी आलं. रागावल्या नाहीत. दाराला बाहेरून कडी असते, वाऱ्याने आपटतं म्हणून. खिडकीच्या काचांवर त्यांनी कागद चिकटवलाय. बाहेर शववाहिन्या दिसतात, ते मनाला चांगलं नाही. पटलं.

तारीख त्यांना विचारली, सांगितली नाही
कागदाचा कोपरा सुटला होता. समोर न्हाव्याचं दुकान उघडं. तिन्ही खुर्च्यांवर गिऱ्हाइकं. मास्क कुणालाच नाही. न्हावी काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. दोन बायका आइस्क्रीम खात गेल्या. बराच वेळ बघितलं. काही वाटलं नाही. नर्सबाईंना विचारलं, साथ संपली का. त्या म्हणाल्या, “लोकांना जिवाची पर्वा नाही रे. तुला आहे ना?” मी हो म्हणालो. त्यांनी कोपऱ्याला डिंक लावला.

सकाळ
खाली दारात ताईचा आवाज. नर्सबाईंनी तिला सांगितलं की तो एप्रिलमध्येच गेला, सामानसुमान घेऊन. ताई म्हणाली, “मेसेज येतात त्याचे. पण तो असा लिहीत नाही हो. फोन केला की उचलतही नाही.” मी तीनशे बाराव्या फेरीवर होतो. थांबलो असतो तर मोजणी चुकली असती. हाक मारावी असं डोक्यात आलं, घशापर्यंत पोचलं नाही. चालत राहिलो. चवड्यांवर, आवाज न करता. चवड्यांवर चाल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी
नर्सबाई वर आल्या. पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसल्या. “तू ओरडला नाहीस,” म्हणाल्या. डोळे भरले होते. आज दोन गोळ्या. त्यांचं वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं — आणि ते त्यांच्यासाठी.

दुसरा दिवस
दार उघडं. कडी लावलीच नाही त्यांनी — मुद्दाम. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिलो. खालून हवा आली, माणसांची, पेट्रोलची. श्वास कोंडला. परत आलो. दार लोटून घेतलं. पाचशे पूर्ण केल्या.

—
नर्सबाई बाजारात. खाली कुलूप फोडतायत. ताई आणि कुणीतरी पुरुष, पोलीस असावा —

जिना चढते आहे. माझं नाव घेते आहे. फटीतून दिसली. मास्क नाही. तोंड उघडं, रडते आहे, सगळं तोंड ओलं —

आतून कडी नाही. कपाट ढकललं दाराला. पाठ कपाटाला, पाय फरशीला रोवलेले. वही गुडघ्यावर.

ती म्हणते, “अरे, मी आहे. मी.” मग खोकली. एकदाच. जिन्याची धाप असेल — असेल —

कपाट हलत नाही. एवढ्या फेऱ्यांनी पायांत ताकद आली आहे. तो पुरुष धक्के मारतोय. ताई त्याला थांबा म्हणते आहे, मला लागेल म्हणते आहे. मला ओळखते ती —

धक्क्याने दार जरा उघडलं. फटीतून हात घातला तिने. बांगडी अडकली. ओढते आहे. बोटं माझ्या खांद्यापासून वीतभर. ओली आहेत. दार जरा मागे रेटलं तर हात तिथेच — पाय ताणतो आहे — ताई, काढ ना हात, ताई, मी आता —