मापाचे चमचे

प्रिय,

नुसतंच ‘प्रिय’ लिहिलंय. पुढे नाव घातलं की तुला लगेच वाटतं, आता ह्यांना काहीतरी मागायचंय. मागायचं आहेच, पण ते शेवटी. आधीच मागितलं तर तू पत्राची घडी घालून ती साखरेच्या डब्यामागे सारशील, आणि मग झालंच.

इथे शिबिरात दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती असते. एकशे वीस पोरं आपापल्या खोल्यांत झोपल्याचं सोंग करतात आणि आम्ही मोठी माणसं जागी असल्याचं. मी भटारखान्यामागच्या कोठारात पिठाच्या पोत्यावर बसलोय, तेलाचा डबा पुढ्यात ओढून त्यावर कागद ठेवलाय. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठलो. एकदा भिजत घातलेले वाटाणे बघून आलो, एकदा शेगडीची बटणं, आणि तिसऱ्यांदा कशासाठी उठलो ते दारापर्यंत जाऊनही आठवलं नाही. चार वाजले की मला ऑफिसात जाऊन शिबिराच्या मुख्य बाईंना एक गोष्ट सांगायची आहे. सांगितली की हे काम जाणार हे नक्की, आणि पुन्हा कुणी मला शेगडीपुढे उभं करेल की नाही देव जाणे. पण त्यांच्या आधी ती तुला सांगायला हवी. बायकोच्या आधी परक्या बाईपुढे तोंड उघडलं तर तू मला जन्मभर ऐकवशील, आणि ते बरोबरच असेल.

आधी इतर बातम्या. आपल्या चिमणीनं काढलेलं चित्र पोचलं. त्यात मी आपल्या घरापेक्षा उंच आहे आणि हातात झारा आहे. तू दारात उभी आहेस आणि तुझे दोन्ही हात कमरेवर आहेत, म्हणजे चित्र अगदी हुबेहूब आलंय. ते मी ओट्यावरच्या भिंतीला लावलंय, वाफेनं एक कोपरा सुटतो, तो रोज पिठाच्या खळीनं चिकटवतो. माझी खाट माझ्याहून वीतभर आखूड आहे. तळ्यावरून सारखा वारा येतो. मुख्य बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असते, जेवतानासुद्धा, त्यामुळे पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणतात आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. कधीतरी समोर निघणार आहे. पोरं काहीही खातात. दिवसभर तळ्यात डुंबून आलेल्या पोराला तुम्ही पाव आणि उकडलेला बटाटा दिलात तरी ते ताट चाटून पुसून परत देतं. मी हे काम का घेतलं असं तू पत्रात विचारलं होतंस ना? हे त्याचं एक कारण. बाकीचं पुढे येईल.

भाजी चिरायला एक मावशी आहेत, जेवणाची घंटाही त्याच वाजवतात. पन्नाशीच्या आहेत, तोंडानं फटकळ, हातानं चलाख. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, तुम्ही हाताखाली किती दिवस राबणार, मी तुम्हाला चव शिकवतो. तेव्हापासून प्रत्येक पातेल्यातला पहिला चमचा त्यांचा. मी विचारायचं, काय कमी आहे सांगा, आणि त्यांनी डोळे मिटून सांगायचं: मीठ थोडं, मिरी जास्त, कांदा कच्चा. मी मोठ्या गुरूसारखी मान हलवायची. सुरुवातीला चाचपडायच्या, आता एका घोटात सांगतात. त्यांनी फोनवर मुलाला सांगितलं, अरे, आमचे आचारी मला शिकवून तयार करतायत, असा माणूस भेटायला नशीब लागतं. मी तेव्हा शेजारीच पातेलं घासत होतो. घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसलो.

ताकाला जाऊन भांडं किती लपवू? मला चव लागत नाही. वासही येत नाही. हिवाळ्यात तो ताप आला होता, तू चार रात्री कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होतीस, त्या तापात दोन्ही गेलं. आधी वाटलं सर्दी आहे, उतरेल. सर्दी उतरली, हे परतच आलं नाही. तोंडात काही घातलं की गरम कळतं, गार कळतं, मऊ की कडक ते कळतं, आणि तिखट असेल तर झोंबतं. बस. बटाटा आणि ओला कागद यांत मला आज फरक करता येणार नाही. कांदा चिरताना डोळ्यांना मात्र पूर्वीसारखंच पाणी येतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. बावीस वर्षं मी ह्याच जिभेवर घर चालवलं, आणि कँटीनमधल्या पोरांना शिकवताना मोठ्या तोऱ्यात सांगायचो की माप घेऊन शिजवतो तो आचारी नव्हे, तो औषधाचा दुकानदार. आता बघ.

कँटीन मी सोडलं नाही. म्हणजे राजीनामा मीच दिला, पण त्याआधी लागोपाठ दोन दिवस भाजीची पातेली जशीच्या तशी परत आली होती. एकदा खारट, एकदा अळणी. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, घरी काही टेन्शन आहे का? मी म्हटलं, हो, आहे. तुझ्यावर ढकललं, माफ कर. आणि तुला येऊन सांगितलं की एकाच जागी कंटाळा आलाय, मोकळ्या हवेत आठ आठवडे काढून येतो. तू एवढंच म्हणालीस की बरं. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस की मला धडकी भरते. खरं सांगायचं तर मी हवेसाठी नाही आलो. मी तुझ्यापासून पळून आलो. जगाला फसवता येतं, पण रोज संध्याकाळी पळीत थोडा रस्सा घेऊन, फुंकर मारून, ‘अहो, मीठ बघा’ म्हणत समोर येणाऱ्या बाईला किती दिवस फसवणार? लग्न झाल्यापासून चौदा वर्षं तू हे करतेस. तुला मीठ कळत नाही म्हणून नव्हे. आचाऱ्याला घरीही मान असावा म्हणून. मला ते कळत होतं आणि मला ते फार आवडायचं, हे कधी बोललो नाही.

निघायच्या आधीचा रविवार तुला आठवतो का? तू पळी पुढे केलीस. मी रस्सा तोंडात घोळवला, जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि म्हणालो, फक्कड! मग जेवायला बसलो. चिमणीनं पहिला घास घेतला आणि तुझ्याकडे बघितलं. तू उठलीस, मिठाचं भांडं आणून मधोमध ठेवलंस आणि वाढत राहिलीस. मीही मीठ घेतलं, कारण तुम्ही घेतलंत. मनात म्हटलं, वाचलो, आज ही मीठ विसरली आणि माझं बिंग फुटता फुटता राहिलं. चोर तो चोर, वर तुझ्या विसरभोळेपणावर मनातल्या मनात हसलोसुद्धा.

इथे आल्यावर बॅग उघडली तर टॉवेलात गुंडाळलेले ते मापाचे चमचे निघाले. एका कडीत ओवलेले चार, कुठल्याशा डब्यावर फुकट आले होते आणि चिमणी ज्यांनी बाहुलीला औषध पाजायची ते. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. वाटलं, पोरीनं खेळता खेळता टाकले असतील, नाहीतर तू घाईत. बावीस वर्षांच्या आचाऱ्याच्या सामानात मापाचे चमचे! दोन दिवस ते खाटेखाली पडून होते. तिसऱ्या दिवशी सूप पुन्हा खारट झालं आणि मी गुपचूप ते काढून आणले. तीस लिटर सूपला मोठे चमचे सपाट सोळा. भाताला अमुक, अंड्यांना तमुक. सगळं एका कागदावर लिहून मी टोपीच्या आत ठेवलंय. पाच आठवडे मी ह्या चार चमच्यांवर आणि मावशींच्या जिभेवर काढलेत, आणि खरं सांगतो, मला वाटायला लागलं होतं की असंच निभेल. कुठं वाटायला लागलं होतं? सकाळी उठलो की पहिली धास्ती दुधाची. दूध फाटलंय का हे मी पातेलं हलवून हलवून डोळ्यांनी बघायचो.

आज सकाळी न्याहारीच्या वेळी वाऱ्यानं मागची मोठी शेगडी विझली. तिच्यावर पाण्याचं पातेलं होतं, ज्योत दिसत नव्हती. गॅस तसाच चालू. मावशी कोठारात बटाटे आणायला गेल्या होत्या. ताटं न्यायची पाळी असलेली आठ पोरं रांगेनं आत आली, पुढच्या पोरीच्या केसांना चिमणीसारखाच लाल रबर होता. मी त्यांच्याशी गमती करत होतो आणि अंड्यांसाठी पुढची शेगडी पेटवायला काडेपेटीतून काडी काढली होती. काडी हातात होती ग. तेवढ्यात शिट्टीबाई दाराशी आल्या आणि आत बघायच्या आधीच ओरडल्या, गॅस! मी झटकन बटण बंद केलं. त्यांनी शिट्टी फुंकली, पोरं धावत बाहेर, दारं-खिडक्या उघड्या, सगळं एका मिनिटात. कुणाला काही झालं नाही. पण त्यांनी आत बघितलं तेव्हा माझा हात बटणावर होता, त्यामुळे त्यांना वाटलं मला आधीच वास आला होता. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आपल्या आचारीकाकांनी आज प्रसंगावधान दाखवलं. एकशे वीस पोरांनी टेबलं बडवली, टाळ्या वाजवल्या. आणि मी काय केलं? मी टोपी काढून वाकलो. आतला मिठाचा कागद खाली पडला, तो उचलला आणि परत वाकलो.

मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत; बटाटे घेऊन येताना त्यांनी माझ्या हातातली काडी बघितली होती. मी आत आलो तशा माझ्या ॲप्रनच्या खिशातून त्यांनी काडेपेटी काढून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. दुपारचा स्वयंपाक आम्ही तसाच केला, पेटवायचं त्यांनी, ढवळायचं मी. मग चमचे धुवायला घेतले, आणि त्या कडीतले चार चमचे नळाखाली धरले असताना मला एकदम कळलं. चौदा वर्षांत तू मीठ विसरलेलं मला एकदाही आठवत नाही. ताप असताना नाही, चिमणी पोटात असताना नाही, तुझे वडील गेले त्या आठवड्यातही नाही. त्या रविवारी तू विसरली नव्हतीस. तू मीठ घातलंच नव्हतंस. तू विचारलं होतंस, आणि मी म्हणालो, फक्कड. आणि तरी तू भांडली नाहीस, पोरीसमोर मला उघडं पाडलं नाहीस, टॉवेलात चमचे गुंडाळून दिलेस आणि वाट बघत बसलीस. पाच आठवडे झाले. तुझ्या दोन पत्रांत मिठाचा शब्द नाही. मला आधी राग आला, ही जाणून होती आणि बोलली नाही. मग कळलं की बोलायचं माझं होतं. मला फार लाज वाटली ग, आणि तुझी इतकी आठवण आली की नळ तसाच वाहत राहिला.

पावणेचार होत आलेत. शिट्टीबाईंना मी सगळं सांगणार, टाळ्यांसकट. हेही सांगणार की दुसरा आचारी शोधू नका, मावशी तयार आहेत. मी त्यांना खोट्यानं शिकवलं, पण त्या खरोखर शिकल्या. टोपीतला कागद त्यांना देऊन जाईन, जरी त्यांना तो लागणार नाही. शनिवारच्या बसनं निघेन. हे पत्र साडेचारच्या टपालाच्या गाडीनं जाईल, म्हणजे माझ्या दोन दिवस आधी तुझ्या हातात पडेल, आणि ते तसं पडावं म्हणूनच लिहिलंय. कारण मी मला ओळखतो. आधी न सांगता दारात येऊन उभा राहिलो तर तू काही विचारायच्या आत मी हसून म्हणेन, हवा फक्कड होती, सगळं फक्कड, आणि तू परत ‘बरं’ म्हणशील. ती पळवाट मी आताच बंद करून टाकतोय. डॉक्टरकडे जाऊ, तू बरोबर चल. वास परत येईल न येईल. नाही आला तर भाजी विकेन, भांडी घासेन, काही करेन, त्याची मला आज इतकी भीती वाटत नाहीये. मागणं एकच आहे. मी आलो की त्या संध्याकाळी नेहमीसारखी पळी घेऊन ये, फुंकर मार आणि म्हण, अहो, मीठ बघा. मीठ घातलेलं असो की नसो. चिमणीलाही तिथंच बसू दे. मी घोट घेईन आणि म्हणेन, मला कळत नाही, तूच सांग.

तुझाच,
चिमणीचा बाबा