चढावर वाजणारी फटफटी

सोमवार, ३ मे १९४८
उन्हानं जीव नकोसा केलाय. दुकानाचा पत्रा तापला की पाना हातात धरवत नाही, आधी बादलीत बुडवावा लागतो.

आज सालार स्वतः फटफटी घेऊन आला. गावोगाव धाडी घालणाऱ्या खाकीवाल्यांचा म्होरक्या. धाराशिवात त्याला सगळे सालारच म्हणतात, मीही नाव लिहीत नाही. बोलणं एकदम मऊ, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. "मिस्तरीजी, चढाव पे अंदर से टकटक आवाज आती. जैसे कोई हातोडी मार रहा."

लेण्याकडच्या चढावर नेऊन पाहिली. टिणटिण, टिणटिण. कढईत फुटाणे उडावेत तशी. रोग ओळखीचा. नाकेबंदीमुळं सोलापूरकडून पेट्रोल येईना, जे मिळतं त्यात निम्मं घासलेट. त्यात हे ऊन, त्यात हेडमध्ये साचलेला कार्बन. तेल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनवर आदळतं. हेड उघडून खरवडायचं, ठिणगीचं टायमिंग जरा मागं घ्यायचं, की झालं. शुक्रवारी आणा म्हटलं. रोग सापडला की मला बरं वाटतं. गाडी कुणाची का असेना, आजही वाटलं. खोटं कशाला लिहू.

बुधवार, ५ मे
अक्का आली. माझी थोरली बहीण, बेंबळीला दिलेली. लतीफचाचा त्या रस्त्याला सर्व्हिस मोटार चालवतात, त्यांनी आणून सोडली. वाळून काटकी झालीय.

दाजींचं चांगलं नाही. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातून लढणाऱ्या पोरांना भाकरी पोचवत होते, ते फुटलं. तेव्हापासून सालार त्यांच्या मागावर. सरळ सोलापूरकडं निघून जावं तर पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला. लंगडत घरामागच्या ओढ्यापर्यंत जातात, त्यापुढं नाही.

अक्का म्हणाली, "दोनदा येऊन गेले मेले. पर आमच्या गावाच्या चढावर ती फटफटी टकटक करती न्हवं, त्यावरनं कळतंय. तेवढ्यात हे वड्यात जात्यात. ती टकटक नसती तर मळ्यातल्या पाण्याच्या इंजनावानीच वाटती, कुनी मान बी वर करायचं न्हाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सांगून टाकलं, परवा तीच येणार आहे माझ्याकडं.

अक्कानं हातातली कपबशी खाली ठेवली. "आन तू नीट करून देनार व्हय रं?"

ती चहा तसाच ठेवून गेली.

शुक्रवार, ७ मे
सकाळपासून डोक्यात तेच. नीट करावी तर दाजी गेले. पार मोडून टाकावी तर सालार मला सोडणार नाही, आणि घोड्यावरून जाईल तो, आवाजच नाही मग. म्हणजे गाडी चालली पाहिजे आणि वाजलीही पाहिजे. बापजन्मात असलं काम केलं नव्हतं.

तो आला. मी हेडला हात लावला, कान लावला, मोठ्या डॉक्टरचा आव आणला. म्हटलं, "साहेब, इंजिनात काडीचा दोष नाही. हे सगळं उन्हामुळं. उघडून उगीच बिघडवायचं कशाला? पाऊस पडला की आपोआप बंद होईल. पटत नसेल तर पहाटे गारव्यात नेऊन बघा, एकदा जरी वाजली तरी मिशी काढून देईन."

"सबेरे नहीं बजती?"

"अजिबात नाही."

"बहोत अच्छा." हसला, खांद्यावर हात ठेवला, घेऊन गेला.

सुटलो. स्वतःवर लई खूश. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

शनिवार, ८ मे
न्याहारीला बसलो होतो. कालची हुशारी बायकोला रंगवून सांगत होतो, मिशीसकट. तिनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "मंग आता ते पाटंच जातील की बेंबळीला."

घास हातातच राहिला.

मीच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, मारलं नव्हतं. मीच माझ्या तोंडानं त्याला वेळ काढून दिली. फक्त ऊन म्हणून थांबलो असतो तर चाललं असतं. पण आपल्याला किती कळतं ते दाखवल्याशिवाय राहवत नाही ना. जीभ हासडून टाकावीशी वाटतेय.

मोटार अड्ड्यावर पळालो. लतीफचाचा मोटारीच्या पायरीवर हताश बसलेले. खाकीवाल्यांनी नाक्यावर टाकी रिकामी करून घेतली, मोटार बंद. सगळं ऐकून म्हणाले, "किसने बोला था रे तेरे को इतना शहाणपण करने को?" मग स्वतःच म्हणाले, "थांब. पेट्रोल मिला तो सबसे पैले मैं जाता बेंबळीला. तेरी बहन वो मेरी बहन." त्यांच्याच लोकांनी त्यांची टाकी काढून घेतली, यावर एक शब्द नाही.

रविवार, ९ मे
पेट्रोल नाही. सायकल काढली. गावाबाहेरच्या नाक्यावर अडवलं. पोरसवदा खाकीवाला, खांद्यावर बंदूक. "बेंबळी में क्या काम?" बहिणीकडं म्हटलं. "सालारसाब बोले, मिस्तरी दुकान छोड के नहीं जाना. गाडी का काम निकलता."

परत फिरलो. म्हणजे माझी बहीण बेंबळीत आहे हे त्याला ठाऊक आहे का? की नुसतंच अडवलं?

मंगळवार, ११ मे
काल गेले. उजाडायच्या आत दुकानावरून फटफटी गेली, मागं लॉरी. दारात उभा राहून ऐकलं. एकदम गोड चालली होती. एरवी असं इंजिन ऐकलं असतं तर वाहवा म्हटलं असतं.

आज चाचांना थोडं तेल मिळालं, जाऊन आले. दाजी वाचले! तांब्या घेऊन बाभळीमागं गेले होते म्हणून. दुसरं काही नाही, नशीब. तिथंच आडवे पडून राहिले. घरात शिरलेल्यांनी धान्य अंगणात ओतलं, कणगी फोडली. चाचा बाकी सगळं सांगून झाल्यावर, मडगार्ड पुसत पुसत म्हणाले, "अक्का के पीठ पे वळ हैं."

तिनं माझ्यासाठी चाचांकडं निरोप दिलाय: आवाज कसा न्हाय आला, एवढं इचार त्याला.

दाजींना ताप. पाय मांडीपर्यंत सुजलाय. आता ओढ्यात न्यायचं तर दोघांनी धरून न्यावं लागतं. म्हणजे आधीपेक्षा जास्त वेळ हवा.

बुधवार, १२ मे
सालार आला. खुशीत. "मिस्तरीजी, तुम सही बोले. सबेरे बिलकुल नहीं बजी." इंजिनातलं तेल बदलायला गाडी ठेवून गेला. "शुक्रवार को फिर जाना है." कुठं ते बोलला नाही. मीही विचारलं नाही, पण माझ्या तोंडाकडं बघत होता हे नक्की.

दुपारी दार ओढून घेतलं. मॅग्नेटोचं झाकण काढलं आणि ठिणगीचं टायमिंग पुढं केलं. थोडं नाही, चांगलंच. आता ऊन असो, थंडी असो, चढावर ओरडणारच. फार दिवस चालली तर पिस्टनला भोक पडेल. पडू दे. आयुष्यभर इंजिनांचे रोग काढले, धडधाकट इंजिनात रोग घालायची ही पहिलीच वेळ. स्क्रू बसवून झाकण होतं तसं लावलं. भीती वाटते. लिहूनही कमी होत नाही.

चाचांकडून निरोप धाडला: शुक्रवारी पहाटे चढाकडं कान ठेवा. वाजेल.

गुरुवार, १३ मे
दिवे लागायच्या आधी सालार गाडी न्यायला आला. किक मारली, पहिल्या किकेला सुरू. मूठ पिळली, सोडली, परत पिळली. मान तिरकी करून ऐकत राहिला. कव्वालीला बसणारा माणूस, कान तयार आहे त्याचा. पण जागेवर उभी असताना ती वाजत नाही, ओझं घेऊन चढ चढतानाच वाजते. हे मला माहीत. त्यालाही एव्हाना माहीत झालंय.

"यहाँ तो ठीक है," म्हणाला. इंजिन बंद केलं. घाईच नव्हती त्याला. रुमालानं हात पुसले.

"कल सबेरे तुम भी चलो, मिस्तरीजी. पीछे बैठो. रस्ते में कुछ बिगडा तो मिस्तरी साथ में होना."

दुकान आहे म्हटलं, गिऱ्हाईक आहे म्हटलं. तो हसला. "कल जुम्मा. किसका गिऱ्हाईक?"

टायमिंग परत मागं घेता आलं असतं, रात्रीपुरती गाडी ठेवा म्हटलं असतं तर. तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हटलं नाही. तो गाडी घेऊन गेला.

बायकोला सांगितलं, चाचांच्या मोटारीचं काम आहे, पहाटे निघायचंय. तिनं फक्त विचारलं, "भाकरी दोन बांधू का चार?" दोन म्हटलं. वळून चुलीकडं गेली, डोळे पुसत होती. तिला काय फसवणार.

बेंबळीची माणसं मला त्याच्या मागं बसलेला बघतील. अक्का बघेल.

गाडीवर माझंही वजन पडणार. चढाच्या पायथ्यापासूनच वाजायला लागेल. दाजींना तेवढा वेळ जास्त.