तीन बाजूंचं शेत

निपाणी, ६ जानेवारी २०२५

चि. सन्मतीस,
अ. आ. आणि जय जिनेंद्र.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यापुढे बसणं कमी करायला सांगितलंय, म्हणून मोबाईल देवळीत ठेवलाय. तूही पत्रच पाठव.

दुपार होईपर्यंत डोळ्यांतून पाणी येऊ लागतं. भाषांतर मी हातानंच लिहिते, टायपिंग आण्णाप्पा वकिलांकडे होतं. पण जुनी मराठी खरेदीखतं आता सगळी स्कॅन होऊन येतात. प्रिंट काढावी तर फिकट शाई आणखी फिकट होते. कॉम्प्युटरवर वाचल्याशिवाय कोर्टासाठी कानडी करणार कशी? म्हणून वकिलांना सांगून टाकलं, फेब्रुवारीअखेर काम बंद. ते चहा अर्धाच पिऊन उठले.

भावजयीला, दिव्याला, तिळाच्या वड्या पाठवते आहे. लोभ आहे तसा राहू दे.
तुझी,
त्रिशलाआक्का

बेळगाव, ११ जानेवारी

ती. आक्काच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

वड्या उघडताच संपल्या. दिव्या म्हणते, संपवणाऱ्यानं पत्र लिहावं.

काम बंद करायची घाई करू नकोस. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात आदर्श नावाचा निपाणीचाच मुलगा आहे. त्याच्याकडे ई-इंकचं वाचनयंत्र आहे. त्याचा पडदा कागदासारखा. डोळ्यांवर उजेड मारत नाही, उन्हात तर जास्तच स्पष्ट दिसतो. रविवारी तो निपाणीला घरी येईल तेव्हा तुला वापरायला देईल. वकिलांकडची फाईल केबलनं त्यात कशी घालायची तेही दाखवेल. आवडलं तर असंच घेऊ, किंवा रंगीत घेऊ, म्हणजे शिक्के लाल दिसतील.

यंत्र म्हटलं की तू मिक्सरलासुद्धा दोन वर्षं हात लावला नव्हतास. हे तसं करू नकोस.

माया करतेस, करत राहा.
तुझा,
सन्मती

निपाणी, १८ जानेवारी

चि. सन्मतीस,
अ. आ.

आदर्श गुणी आहे, पण त्याचं यंत्र कादंबरी वाचणाऱ्याचं. अंगणात उन्हात बसून वाचलं, डोळ्यांना लई बरं वाटलं. धोंडूबाई कुंपणावरून विचारत होत्या, या वयात पुन्हा पाटी गिरवायला घेतली काय.

खरेदीखताचं पान मात्र त्यात मावत नाही. सगळं पान बघावं तर अक्षरं खसखशीएवढी. मोठं करावं तर अर्धी ओळ बाहेर. सरकवत सरकवत एका शेताच्या चतुःसीमा लिहिल्या आणि परत वाचताना लक्षात आलं, पूर्व आहे, पश्चिम आहे, दक्षिण आहे, उत्तर न्हाय. तीन बाजूंचं शेत कोर्टात जाणार होतं. टायपिंगला जायच्या आधी सापडलं म्हणून निभावलं. पण अशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. त्या दिवशी मी जेवले नाही.

तेव्हा यंत्र घ्यायचंच असेल तर पान पुरतं दिसलं पाहिजे आणि फिकट शाई गडद करता आली पाहिजे. शिक्का काळा दिसला तरी वाचता येतो, रंग नको. आणि पक्षकारांचे कागद कुठल्या कंपनीच्या इंटरनेटवर जाता कामा नयेत. ते मी धोंडूबाईंनाही दाखवत नाही. पक्षकाराचं पान तुलाही देता येणार नाही, म्हणून आपल्या घराच्या जुन्या खरेदीखताचं सगळ्यात खराब पान पेन ड्राईव्हवर पाठवते. यावर वाचता आलं तर घे, नाहीतर नको.

अशी अडून बसले तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आक्का

बेळगाव, २७ जानेवारी

ती. आक्का,
सा. न. वि. वि.

काल दिव्याला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार रंगीतच पुढं करत होता. तुझं पान लावलं तर त्याची पार्श्वभूमी करडी, अक्षरं बुडाली. मग दहा इंची काळं-पांढरं बघितलं. बरं होतं, पण तळातल्या बारीक ओळींना दिव्या चष्मा शोधू लागली. शेवटी तेरा इंची फुटपाथवर उन्हात नेलं. दुकानदारानं माणूस बरोबर दिला, पळून जाऊ नये म्हणून असेल. अक्षर गडद करायची सोय वापरली आणि दिव्यानं आपल्या घराच्या चारही बाजू घडाघडा वाचल्या.

तेच घेतलं. जड आहे, मांडीवर पाट ठेवून त्यावर ठेव. वायफाय बंद करून दिलंय. पान उलटायला जरा वेळ घेतं, त्याच्यावर ओरडू नकोस. पेनानं पानावर खूण करता येते. रविवारी घेऊन येतो.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.
तुझा,
सन्मती

निपाणी, १० फेब्रुवारी

चि. सन्मतीस,
अ. आ. आणि जय जिनेंद्र.

तू गेल्यापासून रोज सकाळी अंगणात बसते. पान उलटेपर्यंत घोटभर पाणी पिऊन होतं. प्रत्येक सीमेवर पेनानं खूण करते आणि चार झाल्याशिवाय पुढं जात नाही. डोळ्यांतून पाणी येणं थांबलं आहे असं म्हणणार नाही, पण संध्याकाळचं जेवण करताना ताटातलं नीट दिसतं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या.

आण्णाप्पा वकील परवा हिशेब मिटवायच्या निमित्तानं आले. यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं, वाचलं काहीच नाही. मग सांगू लागले की खानापूरकडच्या एका घराण्याच्या जमिनींचं प्रकरण आलंय, कागद फार आहेत, दुसऱ्या कुणाला द्यायचं मन होत नाही. मी म्हटलं, दिवसाउजेडी होईल तेवढंच करीन, घाई चालणार नाही. ते व्हय व्हय करत पूर्ण चहा प्याले आणि जाताना पेन ड्राईव्ह टेबलावर ठेवून गेले.

तेव्हा येत्या रविवारी दोघं येणार म्हणाला होतास, ते पुढं ढकला. दिव्याला माझ्या वतीनं समजाव. मला सवड न्हाय.

रागावू नये, लोभ वाढवावा.
तुझी,
आक्का