पँटच्या दुमडीतलं कानातलं

अगं,

कानातलं सापडलं. तुझ्या डबीत ठेवलंय. आधी ते बघ, मग पुढचं वाच.

तुझी भरतकामाची रिंग मी न विचारता घेतली. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली, एक ट्रान्झिस्टर आणि बॅटरी जोडली आणि शेजारी छोटा रेडिओ लावला. धातू जवळ आला की रेडिओची शिट्टी बदलते. रिंगवरचं कापड घडी करून कपाटात ठेवलंय, सुई त्यातच आहे, जपून.

सकाळपासून अंगण पालथं घातलं. जिथे जाईन तिथे शिट्टी बदलायची. वाटलं, तारच नीट गुंडाळली नाही, म्हणून दोनदा सोडून पुन्हा गुंडाळली. शेवटी लक्षात आलं, रिंग माझ्याच डाव्या पायाजवळ आली की शिट्टी बदलते. बागकामाची पँट घातली होती. तिची दुमड उलटी केली तर माती निघाली आणि तुझं कानातलं. त्या दिवशी रोपं लावताना तू माझ्याशेजारी वाकली होतीस, तेव्हाच पडलं असणार.

आणि मी तुझ्या बहिणीला सगळ्यांसमोर पर्स उघडायला लावली. तिने ती उघडून माझ्यापुढे धरलीही. तेव्हापासून तूही माझ्याशी ‘वाढू का’ एवढंच बोलतेस.

मी तिच्याकडे चाललोय. फोन करून माझी बाजू मांडू नकोस. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन.

ते यंत्र मोडू नकोस. पुन्हा कधी मी कुणाकडे बोट दाखवलं, तर आधी ते माझ्याच पायाशी धर.