लाल दिवा चालू असताना

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा एक बॅग, दोन पिशव्या आणि आईने बळेच कोंबलेली उशी, एवढा माझा संसार होता. खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली मशीन चालतं, त्याची घरघर तळपायांना जाणवते. शिंपी म्हणाला, चार दिवस थांबा बाई, मग मशीन बंद पडलं की तुम्हीच खाली येऊन विचाराल, काय झालं म्हणून.

काम मजेचं आहे. इथल्या छोट्या रेडिओ केंद्राला पन्नास वर्षं होतायत. निवृत्त झालेल्या जुन्या माणसांना गाठायचं, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि त्यांचं एक पुस्तक करायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कुणी नुसत्या गप्पा ऐकायला नोकरीवर ठेवेल असं वाटलं नव्हतं.

खरं कारण फक्त आईला माहीत आहे. आमच्या लहानपणी या केंद्रावर रोज अकराला बायकांचा कार्यक्रम लागायचा. तो करणाऱ्या बाईंना सगळे अकराच्या ताई म्हणत. तोंड बाजूला करून बारीकसं खोकायच्या आणि म्हणायच्या, “अकरा वाजलेत. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.” बाबा गेले त्या वर्षी आई कुणाशी धड बोलत नव्हती, पण ताईंना पत्रं लिहायची, आणि त्यांची उत्तरंही यायची. मग एक दिवस ताई बंद झाल्या. निरोप नाही, काही नाही. आईच्या शेवटच्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही.

आई आता भावाकडे असते, एक्क्याऐंशीची आहे. निघताना माझा हात धरून म्हणाली, तेवढं विचारून ये गं, मी काही चुकीचं लिहिलं होतं का.

मंगळवार, ४ मार्च

केंद्र पाहिलं. एक लांब बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. आता सगळं संगणकावरून चालतं, त्यामुळे माणसं दोनच, व्यवस्थापक मॅडम आणि वॉचमन. मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि सदा घाईत. म्हणाल्या, भिंतींशी बोलायची सवय लागलीय मला, तुम्ही आलात ते बरं झालं.

बोळाच्या टोकाला स्टुडिओ दोन आहे. बरीच वर्षं वापरात नाही. चार बोटं जाडीचं, आतून गादी मारलेलं दार. वर लाल दिवा. आतल्या माणसाने बटण दाबलं की बाहेर हा दिवा लागतो आणि तो चालू असेतो दार कुणीही उघडायचं नाही. मॅडम म्हणाल्या, साक्षात मंत्री आले तरी बाहेर उभे राहतील. आत शिरताना फोन, पर्स सगळं बाहेर ठेवायचं, जरासुद्धा आवाज नको. पलीकडे यंत्रांची खोली आहे, मधे मोठी काच. पण काचेवर पलीकडून प्लाय ठोकलाय. का, ते मॅडमना माहीत नाही.

एक गोड गोष्ट दिसली. वॉचमनने दार उघडण्याआधी त्यावर तळवा सपाट टेकवला, क्षणभर थांबला, मग मूठ फिरवली. विचारलं तर लाजला. जुनी माणसं असंच करायची, त्यांचं बघून लागली सवय, म्हणाला. पुस्तकात घालीन हे.

गुरुवार, ६ मार्च

पहिली मुलाखत, इंजिनिअर काकांची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात छोटा स्क्रू ड्रायव्हर. काकू म्हणाल्या, लग्नातल्या फोटोतही आहे, बघा हवं तर. काका दोन तास रंगून बोलले. पावसात खांबावर चढून जोडलेली तार, बातम्यांच्या मधेच शिंकलेला निवेदक. हसून पोट दुखलं.

मग ताईंबद्दल विचारलं. म्हणाले, बदली झाली त्यांची, लांब कुठेतरी. आणि लगेच मलाच विचारलं, लाल दिवा चालू असला तर दार उघडायचं नसतं, हा नियम बरोबर आहे की नाही? बरोबरच आहे, म्हटलं. ते एकदम सैल झाले.

दिव्याचा विषय मी काढला नव्हता.

शनिवार, ८ मार्च

आज ड्यूटीसाहेब. केंद्रात दिवसभरात काय घडलं ते नोंदवहीत लिहायचं, हे त्यांचं काम. अजूनही घरी लिहितात. मी किती वाजता आले ते माझ्यासमोर लिहिलं आणि चार मिनिटं उशीर असंही लिहिलं. मला हसू आलं, त्यांना नाही.

ताई? नवरा घेऊन गेला त्यांना गावाला. नोकरी पसंत नव्हती त्याला.

म्हटलं, इंजिनिअर काका तर बदली म्हणाले. साहेबांनी वहीवरून मान वर केली नाही. म्हणाले, त्यांचं वय झालंय. मग पेनाला टोपण लावत, नियम म्हणजे नियम असतो बाई, दिवा चालू म्हणजे दार बंद. तुम्हीसुद्धा तेच केलं असतं.

मला सोडायला फाटकापर्यंत आले. परत घरात जाताना त्यांनी स्वतःच्या दाराला तळवा टेकवला. थांबले. मग आत गेले.

सोमवार, १० मार्च

लायब्ररीच्या बाई. केंद्राच्या सगळ्या गाण्यांच्या तबकड्या यांच्या ताब्यात असायच्या. मऊ बोलणं, स्वच्छ घर. मला आल्या आल्या बाळ म्हणाल्या, या वयात. जीव लागावा अशी बाई.

त्यांच्या मते ताईंचा घसा गेला. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली, म्हणून सोडलं.

बदली, नवरा, घसा. तिघंही एकाच बोळात बारा वर्षं काम करत होती.

मुलाखतभर बाईंचा उजवा तळवा टेबलावर सपाट होता. मी कप ठेवला. टेबल जरासं हादरलं असेल. त्यांनी चटका बसल्यासारखा हात उचलला.

आईचा फोन आला होता. सापडल्या का गं. म्हटलं, शोधतेय. माझ्यावर रागावल्या असतील तर तसं सांग, म्हणाली, मी काही मनाला लावून घेणार नाही. तीस वर्षं लावून घेतलंय तिने.

बुधवार, १२ मार्च

मॅडमकडून किल्ली घेऊन अडगळीच्या खोलीत बसले. ड्यूटीसाहेबांच्या जुन्या नोंदवह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या आहेत. आईच्या अनुत्तरित पत्रांच्या तारखा माझ्याजवळ होत्या, त्यामुळे वही पटकन सापडली.

त्या आठवड्यात तीन दिवस ओळीने, वेगळ्या अक्षरात, एकच मजकूर : स्टुडिओ दोन, दाराची आतली मूठ सैल आहे, कृपया बघावे. खाली सही नाही, पण हे वळण मी ओळखते. आईच्या पेटीत याच वळणातली ताईंची अकरा पत्रं आहेत.

चौथ्या दिवशी साहेबांचं रेखीव अक्षर : स्टुडिओ दोन. लाल दिवा ९.४० ते २.००. कारण.

कारणापुढे कोरं. आणि खाली एका सहीच्या जागी तीन सह्या. तिघांच्या.

जाताना स्टुडिओ दोनच्या दाराशी थांबले. दिवा बंद होता. का कोण जाणे, तळवा टेकवला.

दार थरथरत होतं. दोन थापा. जरा थांबून तीन. पुन्हा दोन.

मॅडमना बोलावलं. त्यांनी हात लावला, म्हणाल्या, मला काही नाही लागत, मागे पंप आहे त्याचं असेल. पंपाकडे जाऊन पाहिलं. पंप बंद होता.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी सरळ लायब्ररीच्या बाईंकडे गेले आणि वहीच्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. मग बोलल्या. जसं सांगितलं तसं लिहितेय.

ताईंना दमा होता. त्या दिवशीचा अकराचा कार्यक्रम आधीच टेप केलेला होता. ताई पुढच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग करायला आत गेल्या. दम्याचं औषध पर्समध्ये आणि पर्स नियमाप्रमाणे बाहेर, बाईंच्या टेबलावर. दिवा लागला. इंजिनिअर काका काचेपलीकडे टेपचं बटण दाबून जेवायला घरी गेले, ते दोनलाच परतले. सैल मूठ बघायची त्यांची उद्या-उद्या चालली होती. ती आत ताईंच्या हातात आली. साहेब तीनदा दारावरून गेले, दिवा चालू होता. बाई दारापाशी स्टुलावर बसून तबकड्या पुसत होत्या, आणि जरा टेकावं म्हणून त्यांनी दाराला हात लावला.

काही ऐकू येत नव्हतं गं बाळ, म्हणाल्या, नुसतं हाताला लागत होतं. दोन, मग तीन. मला वाटलं, ताल धरलाय. मग वाटलं, नाही. पण दिवा चालू होता ना.

दोन वाजता उघडलं. तिघांनी ताईंना उचलून व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं आणि बाकावरच गेल्या असं घरच्यांना सांगितलं; रेडिओवरून मात्र काहीच कळवलं नाही. दार कुणी उघडायला हवं होतं, हे मग कुणी विचारलंच नाही. नंतर काकांनी काचेवर प्लाय ठोकला. श्रोत्यांची पत्रं येत राहिली, ती बाईंनी स्वतःच्या हाताने बंबात घातली.

म्हणजे त्या दिवशी अकरा वाजता आईने ताईंना ऐकलं. कान इकडे द्या, म्हणताना. आणि त्याच वेळी त्या—

मी म्हटलं, हे मी पुस्तकात घालणार. आणि आईला सांगणार. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला दोन दिवस दे, मी त्या दोघांशी बोलते.

शुक्रवार, १४ मार्च

तिघं तयार आहेत. नुसती तयार नाहीत, उद्या अकराला थेट कार्यक्रमातच सांग म्हणतायत. स्टुडिओ दोनमधूनच, ताईंच्या जागेवरून. मॅडमनी अर्धा तास दिला. त्या स्वतः मुख्य कार्यालयात बैठकीला जाणार आहेत. काका आज दिवसभर केंद्रात होते, जुना माइक जोडत. दाराचंही जरा बघितलं, म्हणाले.

इतकी वर्षं गप्प बसलेली माणसं एका दिवसात कशी तयार झाली? भाऊ म्हणतो, तुला सगळ्यात काळंबेरंच दिसतं. खरं आहे. म्हातारी माणसं आहेत, मोकळं व्हावंसं वाटलं असेल.

आईला सांगितलं, अकराला रेडिओ लाव. तिने भावाला आत्ताच सेल आणायला पाठवलं.

शनिवार, १५ मार्च
पावणेअकरा

स्टुडिओत बसून लिहितेय. बोलायचे मुद्दे याच वहीत आहेत, म्हणून वही आत आणली. फोन आणि पर्स बाईंकडे. वॉचमनला साहेबांनी बाजारात पाठवलंय, चहाचे कप आणायला.

आत येण्याआधी तिघांनी दाराला तळवे टेकवले. बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. घाबरू नकोस, आम्ही बाहेरच आहोत.

दिव्याचं बटण दाबलं.

अकरा पस्तीस

सगळं बोलले. ताईंचं, बाकाचं, पत्रांचं. शेवटी आईला म्हटलं, तू काही चुकीचं लिहिलं नव्हतंस.

मग समोर लक्ष गेलं. आवाज पोचला की मीटरचा काटा हलतो. तो पडलेलाच आहे. बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं. हलत नाही. बाहेर गेलंच नाही काही. आई गाणी ऐकत बसली असेल.

दाराची मूठ हातात आली. स्क्रूची भोकं स्वच्छ आहेत. गंज नाही, धूळ नाही. कालच काढलेत.

सव्वाबारा

दिव्याचं बटण बंद केलंय. बाहेर विझलाय की नाही कळायला मार्ग नाही. खुर्ची काचेवर मारली. काच फुटली, मागे प्लाय तसाच. ओरडून घसा—

दाराला तळवा टेकवला. दार अगदी किंचित आत येतंय. पलीकडून हात टेकलेत. एक, जरा बाजूला दुसरा. तिसरा खाली, बाईंच्या उंचीवर.

त्यांच्या हाताला लागतंय. सगळं लागतंय.

एक वाजून गेला

हवा जड झालीय. बाई उघडतील असं वाटत होतं. बाळ म्हणाल्या होत्या.

ठोकणं थांबवलंय. हात सुजलेत. दाराला टेकून लिहितेय आणि पाठीला—

दोन. जरा थांबून तीन.

मी नाही ठोकत. बाहेरून नाही. या बाजूने आहे, माझ्या खांद्यापाशी.

पलीकडचे हात उचलले गेले. एकदम. तिन्ही.

पावणेदोन

काटा हलतोय.

मी बोलत नाहीये. तो हलतोय, पडतोय, हलतोय. हेडफोन कानाला लावला. कुणीतरी तोंड बाजूला करून खोकलं. बारीकसं.

आईने रेडिओ बंद केला नसू दे. आई, बंद करू नकोस. त्या सांगतायत, ऐक—

अकरा वाजलेत, म्हणतायत. हातातलं काम चालू