रस्त्यावरून दिलेलं आवतण

धाकटी जाऊ बारशाला आली नाही. समोरच्या इमारतीत राहते, तिची वाळत घातलेली साडी माझ्या खिडकीतून दिसते, आणि माझ्या पणतीच्या बारशाला आली नाही. आजारी म्हणावं, तर सकाळीच भाजीवाल्याशी भांडत होती.

आत्याबाई, तुमची थोरली सून लिहितेय. चौथी शिकलेली, तेव्हा अक्षराला हसू नका. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं. तुम्ही गेल्यावर कोथरूडचं आपलं शेत बिल्डरला दिलं. त्यावर दोन इमारती झाल्या, एकीत मी, दुसरीत धाकटी. तुमचे दोघे लेक खाली बाकावर एकच पेपर वाटून वाचतात. भावकी मात्र आता फोनातल्या ग्रुपवर असते. बारशाचं आवतणही तिथंच टाकलं.

मी नातीला विचारलं, "धाकट्या आजीला कळलं का गं?"

"दोन निळ्या खुणा आल्यात आजी. वाचलंय त्यांनी."

"तिला कुठं वाचता येतं? फोन तिच्या सुनेचा."

"हात जोडलेलं चित्रसुद्धा आलंय."

"म्हणजे येते, की माफ करा, येत नाही?"

नात हसली. फोनातलं बारीक अक्षर मला दिसत नाही, आणि ती मला ग्रुपवरचं सगळं वाचून दाखवत नाही, असा माझा संशय आहे. मध्येच बोट भराभर सरकवते. तेवढ्यात जे निघून जातं, ते माझ्याबद्दलचंच असणार.

तुमच्या वेळी लोक फार चांगले होते असं मी म्हणत नाही. वाईट बोलायचे, पण समोर. मी नवी असताना कुंकवाचा करंडा हातात देऊन तुम्ही मला आवतणाला धाडलंत. डोक्यावर ऊन, अकरा घरं. शेवटची चार मी रस्त्यावरून हाक मारून उरकली. तुम्ही करंडा उघडून बघितलात. "कुंकू एवढं कसं उरलं? हाक कुत्र्याला मारतात. परत जा. उंबऱ्यात उभी राहा, आणि ती तोंडानं 'येते' म्हणेपर्यंत हलू नकोस." मी रडत गेले. त्या चारातल्या एका घरात बाई तापानं फणफणून एकटी पडली होती. तुम्हाला सांगितलं, तशा तुम्ही तव्यावरची भाकरी टाकून धावलात. माझ्या हाकेला ती ओ देऊ शकली नव्हती, आणि मी तशीच पुढं गेले होते.

आता खरं सांगते. मागच्या वर्षी धाकटीच्या नातवाचं लग्न होतं. आवतण ग्रुपवर आलं, नातीनं वाचूनही दाखवलं. मी गेले नाही. तिनं माझ्या उंबऱ्यात यायला नको? नवी साडी नेसून दिवसभर दाराकडं बघत खुर्चीत बसले. आणि बारशाच्या दुपारी खिडकीतून बघितलं, तर धाकटीही नेसून बसली होती. काठाची हिरवी साडी, केस विंचरलेले, दार सताड उघडं. मी पडदा ओढून घेतला. हे घरात कुणाला बोलले नाही.

हे पत्र कुठं टाकणार? करंड्याखाली घडी करून ठेवते. करंड्यात नवं कुंकू भरलंय. आधी कुणी जायचं ते तुम्ही सांगू नका, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. मी जाईन, पणतीला बघायला ये म्हणून सांगायला. पण उत्तर धाकटीनं द्यायचं, तिच्या तोंडानं. सुनेला मध्ये घ्यायचं नाही, आणि हात जोडलेले मला चालणार नाहीत.