मानेतली शीर

दादा,

बाबांनी तुझी आठवण काढली का, असं तू दर फोनला विचारतोस. मी दर वेळी सांगते, ते शुद्धीत नव्हते.

तुझं ‘आज निघतो, उद्या निघतो’ चाललं होतं. त्या दुपारी आयसीयूत दुसरा डॉक्टर मोकळा नव्हता, म्हणून बाबांच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी मलाच घालावी लागली. त्यांचा चेहरा हिरव्या कापडाखाली होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर धमनी उडत होती, पण शेजारची शीर पार चपटी. अशा वेळी आम्ही पेशंटला श्वास रोखून जोर करायला सांगतो, म्हणजे शीर फुगते. बाबांना ते जमेना.

कापडाखालून त्यांनी विचारलं, “थोरला आला का गं?”

“आलाय. दाराशी उभा आहे. हाक मारा.”

त्यांनी उरलासुरला जीव एकवटून तुला हाक मारली. पडद्यावर शीर टम्म फुगली. मी सुई घातली.

“त्याला ऐकू गेलं नसेल,” बाबा म्हणाले.

नळी उत्तम बसली होती. संध्याकाळी ते गेले.

आता पुन्हा विचारू नकोस. ते शुद्धीत नव्हते.

तुझी,
छोटी